लक्ष कुटं हाय, मल्लव्वा?

७ जानेवारी १९७५, मंगळवार

ही वही कालिजातल्या पोरीनं दिली. पोरीचं नाव अक्कम्मा, वय बावीस. म्या म्हनलं, "लगीन व्हायच्या आदीच आज्जीचं नाव घेऊन बसलीस की गं." ती हसली. चांगली हाय, लगेच हसती.

तिच्या सरांनी तिला काम लावून दिलंय. मानूस म्हातारं झालं की त्याचं लक्ष कसं उडतं, नको ते मनाच्या भाईर ठेवायची ताकद कशी कमी हुती, ते बघायचं. त्यासाठी साठीच्या पुढची मानसं पायजेत. आमच्या कारखान्याचं मालक वीरभद्रप्पा, त्यांनी सरळ माज्याकडं बोट केलं. "हिला बघा आदी. हिचं लक्ष उडत उडत पार गावाभाईर बाळ्यापतुर पोचलंय."

अक्कम्मा म्हनली, "आज्जी, रोज काय विसरलं, काय चुकलं, ते या वहीत लिवा. महिन्याच्या शेवटी मला वाचून दाखवा." मी चौथी पास हाय. घरात कानडी, वागदरीच्या शाळंत मराठी. शंभर पानांची वही बघून हाताला खाज सुटली. नुसतं विसरलेलंच लिवायचं म्हंजे एवढी पानं वाया. मी सगळंच लिवनार हाय. तिला वाचून दाखवताना पायजे तेवढं दाखवीन.

आता खरं लिवते. मालकांच्या चादरीच्या कारखान्यात मी कांड्या भरते. सुताची लडी रहाटाला लावायची, कांडीवर सूत भरायचं आनि ज्या रंगाची कांडी त्या रंगाच्या टोपलीत टाकायची. मागवाला टोपलीत न बघता हात घालतो, कांडी धोट्यात बसवतो, आनि तो रंग चादरीत उतरतो. गेल्या आठवड्यात जांभळ्या टोपलीत माझ्या हिरव्या कांड्या गेल्या. नऊ चादरींच्या जांभळ्या पट्ट्यात मधीच हिरवी रेघ. माझं डोळं चांगलं हायत. हात बी बरोबर भरत हुता. टोपली तेवढी चुकली.

मालक म्हनलं, "मल्लव्वा, महिनाअखेरपतुर बघतो. अजून एक टोपली चुकली की घरी बस."

नवरा गेल्यापासनं चोवीस वर्सं मी त्या रहाटावर बसलीया. पोरगा गुरप्पा म्हनतो, "अव्वा, बस की घरी आरामात." माझी सासू अशीच आरामात घरी बसली हुती. सा महिन्यात कोंबड्यांस्नी नणंदांच्या नावानं हाका मारू लागली. मला घरी बसायचं न्हाय. आनि आमच्यात कोंबड्या बी न्हाईत.

करमनुकीला शिवयोगीनं, म्हंजे मालकांच्या पोरानं, दिवाळीला रेडिओ आनून खांबाला टांगलाय. लई बरं वाटतं.

आज काय विसरले: चष्मा. डोक्यावर हुता.

१० जानेवारी, शुक्रवार

आज अक्कम्मानं मला गोडावनात बसवून परीक्षा घेतली. एक पुठ्ठा. त्यावर शब्द लिवलेलं: लाल, निळा, पिवळा, हिरवा. पन लबाडी अशी की "लाल" हा शब्द निळ्या शाईनं लिवलाय. "हिरवा" पिवळ्यानं. शब्द वाचायचा न्हाय, शाईचा रंग तेवढा सांगायचा. भराभर. ती हातात घड्याळ धरून बसली.

जीभ ऐकंना. डोळ्याला निळं दिसतंय आनि तोंडातनं लाल येतंय. म्या म्हनलं, "ह्ये ज्यानं लिवलं त्याला आदी शाळंत घाल."

"आज्जी, मुद्दामच तसं लिवलंय."

"कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

मंग म्या काय केलं, चष्मा काडला. अक्षरं फुगली, पुसट झाली, नुस्तं रंगाचं ठिपकं उरलं. ठिपक्यांचा रंग भराभर सांगून मोकळी झाले. पोरगी घड्याळाकडं बघतच राहिली. "आज्जी, असं कसं झालं?" मी सांगितलं न्हाय. पन घरी येताना मनाला लागलं. लबाडी केल्यावर परीक्षा कसली. उद्या तिला सांगावं लागंल.

आज काय चुकलं: एक पांढरी कांडी पिवळ्यात. म्याच बघितली आनि काडली. तवा रेडिओवर कामगारांची गानी लागली हुती, बजाबाई बी संगं गात हुती. बजाबाईचा रहाट माझ्या शेजारी.

११ जानेवारी, शनिवार

सांगितलं. अक्कम्मा एवढी हसली की डोळ्यात पानी. म्हनली, "पुन्ना चष्मा लावून घेऊ." घेतली. वाईट गेली.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रंत कारखाना बंद. नातवाला पाळण्यात बसवलं. उतरल्यावर त्याची चप्पल एकच. दुसरी कुटं गेली ते पाळण्यालाच ठाऊक. गुरप्पा माझ्याकडं बघाय लागला. म्या म्हनलं, "चप्पल माझ्या पायात हुती काय?"

१८ जानेवारी, शनिवार

आज वाईट झालं. परत टोपली चुकली. मागवाल्याच्या हातात जायच्या आदी बजाबाईनं बघितलं, पन मालक मागंच उभं हुतं. मी काय करत हुते? हात कांडीवर हुता. कान रेडिओवर, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात कोन सांगत हुतं की शेळीला पोटफुगी झाली तर काय करायचं. आमच्यात शेळी न्हाय. तरी शेवटपतुर ऐकलं.

मालक वरडलं न्हाईत. वरडलं असतं तर बरं. ते खुर्ची घेऊन समोर बसलं.

"मल्लव्वा, तुझा नवरा माझ्या बापाच्या मागावर कामाला हुता. म्हनून एवढं दिस ठेवलं. तुझं लक्ष कुटं असतं गं?"

"हितंच असतं की मालक. सगळीकडं हितंच."

"तेच तर. सगळीकडं असतं. आता ऐक. महिनाअखेरपतुर कामावर तोंड उघडायचं न्हाय. तुझं तोंड चालू झालं की हात भटकतो. एक शब्द बोललीस, न्हायतर एक कांडी चुकली, तर एक तारखेला रहाट उचलून ठेवतो."

मी बोलतीया तेच माझं दुखनं, असं त्यास्नी वाटतंय. मला बी वाटाय लागलंय. पैलं डोक्यात आलेलं डोक्यात ऱ्हायचं. आता डोक्यात येतं तवाच तोंडातनं बी भाईर पडतं.

बजाबाई म्हनली, "दुपारपतुर गप ऱ्हायलीस तर पेरू देते."

आज पेरू खाल्ला.

२० जानेवारी, सोमवार

गप बसनं म्हंजे तोंडात गरम भाकरी धरून बसनं. न गिळाय येतं, न थुकाय.

जेवनाच्या सुट्टीत अक्कम्मानं दुसरी परीक्षा घेतली. गोडावनात बोलाय परवानगी हाय, ते म्या मालकांकडनं खुनंनं इचारून घेतलं. वीस चित्रं. कप, छत्री, बैल, कंदील. चित्रावर आडवा लाल शब्द लिवलेला, त्याचा चित्राशी काय संबंध न्हाय. बैलावर "दवाखाना". ती म्हनली, "शब्दाकडं लक्ष द्यायचं न्हाय. चित्रं तेवढी बघायची." चित्रांत माझी धांदल झाली. बरीच चुकली.

मंग तिनं घरादाराच्या गप्पा मारल्या आनि सहज इचारलं, "आज्जी, त्या चित्रांवर कुठले शब्द हुते, एखादा आठवतो का?"

दवाखाना, साबन, मुंगी, टपाल, हळद... चौदा सांगितलं. ती लिवताना थांबली. कालिजातल्या तिच्या मैत्रिनींना तीन आठवलं. एकीला एक बी न्हाय.

"आज्जी, ते तर वाचायचं नव्हतं ना."

"मंग लिवलं कशाला? पुढ्यात ठेवलेलं ताट म्या कवा सोडलं न्हाय."

२३ जानेवारी, गुरुवार

आज रेडिओवर क्रिकेट हुतं. सकाळपासनं कारखान्यातली समदी तरनी पोरं खांबाखाली. तो रेडिओतला मानूस श्वास न घेता बोलतो. शिवयोगी गिऱ्हाइकाशी बोलाय बसला हुता पन डोळं खांबावर. मला त्यातलं काय कळत न्हाय, म्हनून माझा कान सगळीकडं हिंडत हुता. तोंड बंद, कान मोकळं.

गिऱ्हाईक करमाळ्याचं, विरुपाक्षप्पा. पेठंत कापडाचं दुकान. पोरीचं लगीन सात फेब्रुवारीला, वराडाला आहेरात द्यायला सव्वाशे चादरी पायजेत. जावई बार्शीला मास्तर हाय. त्यांचा पांढरा बैल लंगडतोय. त्यांनी जांभळ्या पट्ट्याचा नमुना पसंत केला, शिवयोगीनं चिठ्ठी लिवली, चहा झाला. मंग ते दारापतुर जाऊन परत वळलं आनि म्हनलं, "अरं, एक ऱ्हायलं. पट्टा जांभळा नको. हिरवा करा. व्याह्यांच्या घरात दोनदा जांभळ्या पट्ट्याची चादर आली आनि दोन्ही टायमाला मयतावर गेली. विहीनबाई जांभळं बघितलं की उठून जात्यात."

शिवयोगी म्हनला, "व्हय व्हय." तेवढ्यात रेडिओत कोन तरी आऊट झालं आनि पोरं उड्या माराय लागली. विरुपाक्षप्पा गेलं.

मयतावरची चादर म्हनल्यावर माझ्या पोटात दहा प्रश्न आलं. एक बी इचारता आला न्हाय.

आज काय चुकलं: दोन कांड्या. जमिनीवर पडल्या, टोपलीत न्हाईत. म्हंजे चुकलं न्हाय.

२७ जानेवारी, सोमवार

मालक गुलबर्ग्याला मेव्हण्याकडं गेल्यात, शुक्रवारी येनार. कारखाना शिवयोगीच्या हातात. सकाळी त्यानं माझ्यापुढं करमाळ्याच्या मालाची चिठ्ठी ठेवली. "अज्जी, जांभळ्या कांड्या भरा. उद्या दुपारी माग लागनार."

मी नऊ दिस गप हुते. चार दिस ऱ्हायले हुते. खाली बघितलं, पदर दातात धरला. मनात म्हनलं, मल्लव्वा, तुझं काय जातंय? चिठ्ठीत जांभळं हाय, जांभळं भर. शुक्रवारी मालक बघतील, रहाट ऱ्हाईल. आनि मंग ती विहीनबाई डोळ्यापुढं आली. कवा बघितली न्हाय, पन मांडवातनं उठून जाताना दिसली. आनि तिच्या मागं ती पोरगी, हळदीच्या अंगानं.

तोंड उघडलं. नऊ दिसाचं साठलेलं, एकदम रेल्वेच्या शिट्टीवानी आलं. "जांभळा न्हाय रे बाबा, हिरवा! ते दारातनं परत वळून बोलून गेलं की!"

माग थांबलं. बजाबाईनं कपाळावर हात मारला.

शिवयोगी म्हनला, "कोन बोललं? मला आठवत न्हाय."

"तू व्हय व्हय म्हनलास. दोनदा."

"अज्जी, चिठ्ठीत काय लिवलंय बघा. तुमाला जांभळ्यात हिरवंच दिसतं. नऊ चादरी इसरलासा काय?"

समदी हसली. म्या वही काडून दाखवली, तेवीस तारखेचं पान. तो म्हनला, "तुमच्या वहीत तुमीच लिवनार. उद्या लिवशीला की मी राजा हाय."

"ते लिवनार न्हाय. एवढं खोटं माझ्यानं लिववत न्हाय."

म्या म्हनलं, करमाळ्याला फोन लाव. तो म्हनला, ट्रंक कॉल लावून गिऱ्हाइकाला काय सांगू, तुमी काय म्हनला ते मला म्हाईत न्हाय म्हनून? शान जाईल. पोरगं वाईट न्हाय. तरनं हाय, शान नवी हाय.

जाताना मऊ आवाजात म्हनला, "अज्जी, तुमी बोललासा ते मला अप्पांना सांगावं लागंल."

म्हंजे रहाट गेला. घरी येऊन भाकरी थापली तर तीन जळाल्या. माझीच चूक असली तर? सासूला बी त्या कोंबड्या खऱ्याच नणंदा वाटायच्या की. वही परत वाचली. अक्षर माझंच हाय. बैल लंगडतोय ते बी लिवलंय. एवढं कोन बनवून लिवंल?

२८ जानेवारी, मंगळवार

आज मी लई म्हातारी झाले.

सकाळीच बजाबाईला म्हनलं, "रहाट गेलाच हाय, तर हात धुवून घेऊ." ती आदी भ्याली, मंग डोळं चमकलं.

मी जांभळ्या कांड्या भराय बसले त्या लंगड्या बैलाच्या चालीनं. एक कांडी, मंग कमरंला हात. एक कांडी, मंग पानी. शिवयोगी आला, "अज्जी, दुपारी माग लागनार हाय."

"म्हातारं मानूस बाबा. हात चालत न्हाय. तूच म्हनतोस की डोकं चालत न्हाय. हाताला कोन इचारतं?"

जरा वेळानं माझ्या रहाटाची दोरी तुटली. कशी तुटली ते ह्या वहीत बी लिवनार न्हाय. नवी दोरी याला संध्याकाळ झाली. आनि शेजारी बजाबाई माझ्या वाटनीच्या हिरव्या लडी घेऊन भराभर भरत हुती, टोपलीवर पोतं टाकून. तिला कोन बघतंय? समदी मल्लव्वाचं म्हातारपन बघत हुती.

जेवनाच्या सुट्टीत मी तार हापिसात गेले. अक्कम्माला संगं नेलं, इंग्रजी लागलं तर. लागलं न्हाय, मराठीत तार घेत्यात. पत्ता ऐकलेला हुता तसा सांगितला: विरुपाक्षप्पा, कापड दुकान, पेठ, करमाळा. मजकूर: "पट्टा हिरवा का जांभळा तारेने कळवा." खाली नाव कुनाचं? अक्कम्मा म्हनली, "आज्जी, तुमचं घाला." म्या म्हनलं, "मल्लव्वाला कोन उत्तर देतंय?" शिवयोगीचं घातलं.

खिडकीतल्या बाबूनं इचारलं, "आज्जी, तुमी कोन?"

"शिवयोगीचं ध्यान."

"काय?"

"तेच ते. त्याचं ध्यान ठेवते."

२९ जानेवारी, बुधवार

शिवयोगीनं माझ्या रहाटापुढं स्टूल घेऊन स्वतः बसून जांभळ्या कांड्या भरून घेतल्या. आता बैलाची चाल चालंना. बारा वाजता पैली टोपली भरली. मागवाल्यानं ती उचलली. माग लागला. एक चादर. पट्टा जांभळा. मी बघत हुते. दुसरी चादर.

तिसरी अर्धी झाली आनि दारात सायकलची घंटी. तारवाला.

"शिवयोगी वीरभद्रप्पा कोन? करमाळ्याची तार."

शिवयोगीचा चेहरा उतरला. तार म्हनली की मानसाला मयतच आठवतं. त्यानं फोडली. वाचली. परत वाचली. मंग माझ्याकडं बघितलं, तारंकडं बघितलं. मी रहाट फिरवत हुते, मान खाली, म्हातारी गरीब.

"अज्जी, ही तार मी कवा केली हुती?"

"तुला आठवत न्हाय व्हय रं? ह्या वयात?"

बजाबाई पदरात तोंड घालून हसाय लागली. त्यानं तार मोठ्यानं वाचली. "हिरवाच. जांभळा अजिबात नको. दारात सांगितले होते. विरुपाक्षप्पा."

दारात सांगितले होते. हे चार शब्द मी आज सा वेळा मनात म्हनलं. चार का तीन? तीनच. असू दे.

माग थांबला. शिवयोगी डोक्याला हात लावून बसला. "आता हिरव्या कांड्या भरून हुईपतुर दोन दिस जातील. पाच तारखंला माल कसा द्यायचा?"

तवा बजाबाईनं पोतं उचललं. टोपली हिरवीगार. तुडुंब.

पोरगं उठलं, खांबाकडं गेलं आनि रेडिओ बंद केला. का केला ते मला तवा कळलं न्हाय.

३१ जानेवारी, शुक्रवार

मालक आलं. शिवयोगीनं समदं सांगितलं, स्वतःच्या तोंडानं, काय न लपवता. त्याचं मला कौतिक वाटलं.

मालकांनी त्याच्याकडं बघितलं आनि म्हनलं, "शिवयोगी, तुझं लक्ष कुटं हुतं रं?"

चोवीस वर्सांत हे वाक्य दुसऱ्या कुनाला म्हनलेलं पैल्यांदा ऐकलं. मी रहाट थांबवून ऐकलं. परत म्हनलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी अक्कम्माला चुका वाचून दाखवल्या, मालक बी बसलं ऐकाय. पांढरी पिवळ्यात गेली तवा गानी. शेळीच्या पोटफुगीला टोपली चुकली. अक्कम्मानं मला मधीच थांबवलं. "आज्जी, दर चुकीला रेडिओ हाय. आनि दिवाळीच्या आदी?"

दिवाळीच्या आदी मी चुकलेली कुनाला आठवंना. मालकांना बी न्हाय.

तिनं समजावून सांगितलं. तरन्यापनी मनाच्या दाराला राखनदार असतो, नको ते भाईर थोपवतो. वय झालं की राखनदाराला डुलकी लागती, सगळं आत शिरतं. म्हनून रंगाच्या परीक्षेत मी शेवटून तिसरी. आनि म्हनूनच त्या चौदा शब्दांत मी पैली. तेवीस तारखंला पोरांचा राखनदार टक्क जागा हुता, क्रिकेटशिवाय त्यानं काय आत सोडलं न्हाय. विरुपाक्षप्पालाबी न्हाय.

म्या म्हनलं, "म्हंजे दार उघडं असलं की चोर शिरतो तसा पावना बी शिरतो."

ती म्हनली, "आज्जी, हे मी सरांना लिवून देऊ?"

"दे. पन माझं नाव घाल. तारंत घातलं न्हाय."

मालकांनी खांबावरच्या रेडिओकडं बघितलं. मंग म्हनलं, रेडिओ जेवनाच्या सुट्टीत तेवढा. आनि मल्लव्वाचा रहाट उचला.

म्या वही मिटली.

"उचला आनि गादीशेजारी ठेवा, गिऱ्हाईक बसतं तितं. मल्लव्वा, तू कांड्या भर. ऐकू नको म्हनलं तरी तू ऐकनारच. तर आता ऐकत जा."

"आनि बोलायचं?"

"गिऱ्हाईक गेल्यावर."

"दारापतुर गेल्यावर, का वेशीच्या पलीकडं?"

"मल्लव्वा."

"व्हय मालक."

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल करमाळ्याचा माल वेळंवर गेला. सव्वाशे चादरी, हिरवा पट्टा. विरुपाक्षप्पा स्वतः आलं हुतं. मला म्हनलं, "अव्वा, लग्नाला या." म्या इचारलं, "पांढऱ्या बैलाचा पाय कसा हाय?" ते माझ्याकडं बघतच ऱ्हायलं. मंग मयताच्या चादरीचे दहा प्रश्न इचारून घेतलं. पोट मोकळं झालं. जांभळ्या दोन चादरी शिवयोगीनं घरी नेल्या, म्हनला आठवन म्हनून पांघरतो.

अक्कम्माला ही वही पायजे हुती. म्या दिली न्हाय. चुका वेगळ्या कागदावर उतरून दिल्या, रहाटाची दोरी सोडून.

आज सकाळी म्या शिवयोगीच्या समोर हिरव्या टोपलीत हळूच एक जांभळी कांडी ठेवली आनि कामाला लागले. तो हिशेब बघत हुता. एक वाजला, दोन वाजलं. तीनला वरडला, "अज्जी! ही बघा, परत चुकली!"

बजाबाईच्या हातातला रहाट थांबला. गादीवरनं मालकांनी मान वर केली.

म्या म्हनलं, "चुकली न्हाय बाळा. सकाळी आठला ठेवलीया. तुला दिसाय सात तास लागलं. तरना हायस, म्हनून चालतंय."

आज काय विसरले: काय बी न्हाय.